ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून आलेली जपानी तलवार: ओळखावी कशी, उघडावी कशी, जपावी कशी

सातारा-सांगलीकडच्या फौजी घरांत जुन्या ट्रंकेच्या तळाशी कधीकधी एक वेगळीच तलवार निघते. मूठ दोन्ही हातांत मावेल इतकी लांब, तिच्यावर फितीची चौकटीदार गुंफण, म्यान तपकिरी रंगाच्या पत्र्याचे. ही आपल्याकडच्या तलवारींतली धोप नव्हे आणि फिरंगीही नव्हे. मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या संगशाकला जपान्यांशी लढली. पुढे १२ सप्टेंबर १९४५ ला सिंगापुरात शरणागतीवर सह्या झाल्या आणि आग्नेय आशियात ठिकठिकाणी जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी उतरवून ठेवल्या. त्यातल्या काही हिंदी फौजेबरोबर इकडे आल्या.

अशा तलवारीचे सर्वांत मोठे नुकसान ऐंशी वर्षांच्या गंजाने होत नाही. ते होते एका दुपारी, पॉलिश पेपरने. म्हणून पहिला नियम असा, की तलवार सापडल्यावर पहिला आठवडा फक्त पाहा, मोजा, फोटो काढा. घासू नका. शिकलगाराकडे चाकावर धार लावायला तर मुळीच नेऊ नका. आपल्याकडच्या तलवारीचे पाते मुठीत लाखेने बसवलेले असते, त्यामुळे मूठ तापवून लाख वितळवायची आणि पाते सोडवायचे ही शिकलगारांची जुनी रीत. जपानी मुठीत लाख नसते. तिथे आच दिली, तर आतले लाकूड आणि त्यावरचे माशाचे कातडे जळते, पाते मात्र सुटत नाही. चाकाच्या उष्णतेने धारेचे पाणी, म्हणजे तिचा कठीणपणा, उतरते. एकदा उतरलेले पाणी परत चढत नाही.

म्यानातून काढताना

म्यान डाव्या हातात, धारेची बाजू वर. म्यानाच्या तोंडाजवळ मुठीलगत लहानसा स्प्रिंगचा खटका असेल, तर आधी तो दाबा. खटका दाबल्याशिवाय जोर लावला की पातळ पत्र्याची पकड वाकते आणि मग ती कायमची सैल राहते. पाते पाठीवर सरकवत बाहेर काढा, धार म्यानाच्या लाकडी अस्तराला लागू देऊ नका. बोटे धारेच्या बाजूला नकोत. आतले जुने अस्तर उकललेले असेल, तर पाते वाकडे सरकून बाहेर येते. पत्र्याचे म्यान हात वाचवेल, पण लाकडी म्यान नुसत्या सरसावर जोडलेले असते आणि धार त्याच्या जोडातून आरपार येते.

पात्याला उघडा हात लावू नका. बोटाच्या घामातले मीठ सातारच्या पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत ठशासकट गंजते, आणि तो ठसा मग घासल्याशिवाय निघत नाही. उघड्या पात्यावर वाकून बोलूही नका. जपानात तलवार पाहताना ओठांत कागद धरायची पद्धत होती, ती एवढ्याचसाठी.

कोणत्या नमुन्याची आहे

जपानी फौजी तलवारींना नमुना क्रमांक असतात. १९३४ साली आलेला तो ९४ नमुना, कारण जपानी राजवंशाच्या गणनेत ते २५९४ वे साल होते. अधिकाऱ्यांच्या या तलवारीच्या म्यानाला टांगण्यासाठी दोन कड्या असतात आणि मुठीच्या धातूच्या भागांवर चेरीची फुले उठवलेली दिसतात. १९३८ च्या ९८ नमुन्यात दुसरी कडी गेली, बाकी रूप जवळपास तेच राहिले. नौदलाचा ९७ नमुना १९३७ चा. त्याचे म्यान काळे किंवा गर्द निळे असते आणि त्याला कड्या दोन.

हवालदार-नाईक दर्जाच्या जवानांसाठी १९३५ चा ९५ नमुना होता. हा लगेच ओळखू येतो, कारण त्याची मूठ गुंफलेली नसते. धातू ओतून तिच्यावर गुंफणीची नक्षी केलेली असते, आधी तांब्याची आणि नंतर ॲल्युमिनियमची, वर रंग. युद्धाच्या अखेरीस साध्या लाकडी मुठी आल्या. पात्यावर मुठीजवळ क्रमांक ठोकलेला असतो. तोच क्रमांक म्यानाच्या तोंडावर असेल, तर जोडी मूळची आहे. ९५ ची पाती कारखान्यात यंत्रावर झाली, त्यांत लोहाराची कारागिरी शोधू नये. इतिहास म्हणून मात्र त्यांचे मोल आहेच.

मुठीला बोटांवरून जाणारी पितळी कमान असेल, तर ती १९३४ पूर्वीच्या पाश्चात्त्य धाटणीतली. मुठीला लोंबणारा गोंडा शिल्लक असेल, तर तो जपून ठेवा. तपकिरी-निळा म्हणजे कॅप्टनपर्यंतचा अधिकारी, तपकिरी-लाल म्हणजे मेजर ते कर्नल. मुठीच्या टोकावर नखाएवढे चांदीचे चिन्ह असेल, तर ते मूळ मालकाच्या घराण्याचे. ते उचकटू नका.

म्यान-मूठ कोणतेही असो, पाते त्याच काळातले असेलच असे नाही. अनेक अधिकाऱ्यांनी घराण्यातले जुने पाते फौजी मुठीत बसवून घेतले होते. त्यामुळे १९४० च्या मुठीत तीनशे वर्षांचे पाते निघू शकते. त्याचा उलगडा मूठ काढल्यावर होतो.

मूठ उघडणे

यासाठी पितळेची बोथट कांडी, छोटा लाकडी हातोडा, जाड सुती कापड आणि फोटो काढायला मोबाईल एवढे पुरते. ९५ नमुन्याला आणि काही उत्तरकालीन मुठींना स्क्रू असतो. त्याच्या खाचेत नेमका बसणाराच स्क्रू ड्रायव्हर वापरा. बाकींत बांबूची एक खिळी मुठीतून आरपार गेलेली असते, तिला मेकुगी म्हणतात. शेवटच्या काळातल्या काहींना दोन. खिळी एका टोकाला बारीक असते. बारीक टोक शोधा, त्यावर कांडी टेकवा आणि हलकेच ठोका. उलट्या बाजूने ठोकली, तर खिळी अधिकच रुतते आणि मुठीचे लाकूड चिरते.

खिळी निघाली की मूठ डाव्या मुठीत घट्ट धरा, पाते वर आणि किंचित मागे कलते. आता उजव्या हाताची मूठ डाव्या मनगटावर हापटा. पहिले दोन-तीन फटके अगदी हळू. पाते मुठीत कणभर सरकल्याचा आवाज येतो, मग तसेच थोडे थोडे वर येऊ द्या. हलतच नसेल, तर कापड गुंडाळून त्सुबाच्या, म्हणजे मुठीआडच्या चकतीच्या, दोन्ही अंगांना लाकडी ठोकळ्याने आळीपाळीने ठोका. दहा मिनिटांत निघाले नाही, तर थांबा. आत गंज फुगलेला असतो. जोडाशी दोन थेंब मशीनचे तेल सोडून दोन दिवस ठेवा आणि पुन्हा पाहा. पकडीने ओढल्यामुळे मूठ उभी फाटल्याचे प्रकार याच टप्प्यावर होतात.

त्सुबाच्या दोन्ही बाजूंना पातळ पितळी चकत्या असतात, फौजी तलवारीत अनेकदा सहा-आठ. त्या निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवा. प्रत्येक तुकड्यावर बारीक आकडा ठोकलेला असतो. सगळ्यांवर तोच आकडा असेल, तर साज मूळचा. क्रम चुकला, तर खिळीची भोके समोरासमोर येत नाहीत, आणि मग लोक खिळी तासून बसवतात. एकदा सैल बसलेली मूठ पुढे पाते सोडून हातात राहते.

मुठीत लपलेला भाग वाचणे

मुठीत जाणाऱ्या पात्याच्या भागाला नाकागो म्हणतात. या भागावरचा गंज कधीही, कशानेही काढायचा नाही. तलवारीचे वय सांगणारा तो सर्वांत खात्रीचा पुरावा आहे. १९४० च्या नाकागोवर कानशीचे ओरखडे अजून स्वच्छ दिसतात आणि गंज पातळ, तांबूस असतो. दोन-तीनशे वर्षांच्या नाकागोवर तो तपकिरी-काळा, गुळगुळीत, जणू कातड्यासारखा बसलेला असतो. तो तारेच्या ब्रशने काढणे म्हणजे जन्माचा दाखला फाडणे.

बॅटरीचा उजेड आडवा पाडा आणि चारही बाजूंनी फोटो घ्या. कोरीव अक्षरे असतील, तर एका बाजूला घडवणाऱ्याचे गाव-नाव आणि दुसऱ्या बाजूला बहुधा तारीख. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलने हलका ठसाही घेता येतो. जपानी आकडे थोडे ओळखता येतात. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन, आणि दहा म्हणजे आपली अधिकची खूण. साल शोवा काळातले असेल, तर त्यात १९२५ मिळवा. शोवा १७ म्हणजे १९४२.

अक्षरांजवळ बारीक छाप दिसला, तर त्याचा अर्थ मोठा आहे. ‘शो’ किंवा ‘सेकी’ हा छाप म्हणजे गिरणीच्या पोलादाचे, तेलात विझवलेले पाते. सेकी हे जपानच्या गिफू प्रांतातले पाती घडवण्याचे जुने केंद्र. ताऱ्याचा छाप असेल, तर पाते भूसेनेच्या मान्यताप्राप्त लोहाराने पारंपरिक पोलादातून घडवलेले. अशा पात्याला साफसफाईच्या पुढे घरी काहीही करू नये.

धारेलगतची धुरकट पांढरी लहर म्हणजे हामोन. धारेवर माती पातळ आणि पाठीवर जाड थापून पाण्यात विझवल्याने धार कठीण होते आणि पाठ लवचीक राहते, त्या दोहोंमधली ही सीमा. खोलीत एकच दिवा ठेवून पाते हळूहळू कलते करा. खरा हामोन उजेडाबरोबर हलतो आणि त्याच्या काठावर बारीक कण चमकतात. ॲसिडने उठवलेली नकली लहर सगळीकडे सपाट राखाडी दिसते. पात्याच्या टोकात हामोन वळून पाठीकडे गेला पाहिजे. वळायच्या आधीच तो धारेत संपत असेल, तर टोक कधीतरी मोडून पुन्हा घासलेले आहे. धारेला काटकोनात केसासारखी चीर दिसली, तर पाते कायमचे निकामी समजावे.

लांबी टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजा. ६० ते ७० सेंटिमीटर नेहमीचे. त्या रेषेपासून पाठीची सर्वांत जास्त खोली म्हणजे वाक. दोन्ही लिहून ठेवा.

पात्याची साफसफाई

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिली आणा. दवाखान्यातल्या ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेले बहुतेक पाणीच असते, आणि हात धुण्याच्या सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन. दोन्ही नकोत. नवे, धुऊन वाळवलेले मायक्रोफायबर कापड घ्या, दोन तुकडे. एक तेल काढायला, एक लावायला. तुकडे अदलाबदल करू नका.

पाते टेबलावर घडी केलेल्या चादरीवर ठेवा. कापड पाठीकडून चिमटीत धरून बुडाकडून टोकाकडे एकाच दिशेने पुसा, मागेपुढे नाही. मागेपुढे घासताना अडकलेला एखादा वाळूचा कण आडवे ओरखडे पाडतो आणि बोटही धारेवर जाते. जुने तेल गुंद झालेले असेल, तर अल्कोहोलचा बोळा तिथे अर्धा मिनिट टेकवून ठेवा, मग पुसा. तीन-चार वेळा. जपानी संचात मिळणारा पांढऱ्या भुकटीचा चेंडू टाळा. ती भुकटी दगडाचीच असते आणि वर्षानुवर्षे वापरली की पात्याची झिलई उडते.

तेल म्हणजे शुद्ध लाइट लिक्विड पॅराफिन किंवा शिलाई मशीनचे बिनरंगी तेल. संपूर्ण पात्याला चार-पाच थेंब. पाते ओले दिसता कामा नये, उजेडात नुसते तुकतुकीत दिसावे. जास्तीचे तेल म्यानात उतरते, अस्तर भिजते, धूळ धरते आणि तीच धूळ दर वेळी पात्यावर घासते. खोबरेल, तिळाचे, जवसाचे तेल किंवा तूप अजिबात नको. वनस्पती तेल हवेत चिकट होते आणि कालांतराने आंबूस होऊन धातू खाते. सातारच्या थंडीत खोबरेल गोठतेही.

लाल, हाताला लागणारा गंज जिवंत असतो, तो थांबवलाच पाहिजे. त्या जागेवर तेलाचा बोळा चोवीस तास ठेवा, मग शिंगाच्या किंवा बांबूच्या चपट्या, बोथट तुकड्याने फक्त तेवढीच जागा हळू खरवडा. पुसा आणि पुन्हा तेल लावा. आठवडाभर हा क्रम चालेल. काळा, घट्ट बसलेला गंज तसाच राहू द्या, तो वाढत नाही. लोखंडी घासणी, पॉलिश पेपर, गंज काढायचे ॲसिड यांनी गंज जातो, आणि त्याबरोबर हामोन आणि पात्याच्या कडांची रेषाही जाते.

खरी झिलई हे वेगळेच शास्त्र आहे. खरखरीत दगडापासून नखाएवढ्या पातळ दगडाच्या चकतीपर्यंत पायरीपायरीने जाणारे हे काम शिकायला वर्षानुवर्षे लागतात, आणि दर झिलईत पात्याचे थोडे पोलाद कायमचे कमी होते. पाते पाठवायचे म्हटले, तरी अडचणी आहेत. गिरणीच्या पोलादाचे फौजी पाते जपानमध्ये कायद्याने ठेवता येत नाही, तिथे नोंदणी फक्त पारंपरिक पात्यांची होते. आणि पाते शंभर वर्षांपेक्षा जुने असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ते भारताबाहेर नेता येत नाही. म्हणून बहुतेक घरांनी झिलईचा विचार सोडून द्यावा.

मूठ, म्यान आणि पितळ

मुठीची फीत धुऊ नका, ती आटते आणि सुटते. मऊ कोरड्या ब्रशने गुंफणीतली धूळ काढा. खालचे पांढरे दाणेदार कातडे सागरी माशाचे आहे, त्याला ना तेल, ना पाणी. पितळी भागांवर सोन्याचा पातळ मुलामा उरलेला असतो. चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावली की तो पाच मिनिटांत जातो. सुती कापड पुरे.

म्यानाच्या तोंडाशी लहान स्क्रू असेल, तर तो काढून लाकडी अस्तर सरकवून बाहेर येते. त्यात वाळवीची माती किंवा ओल असेल, तर आधी ती काढा. बाहेरचा मूळ रंग उडालेला असला, तरी नवा रंग देऊ नका.

खिळी हरवली, तर खिळा, पेन्सिल, काडी यांतले काही चालत नाही. खेड्यातल्या जुन्या घरात चुलीवरच्या माळ्यातला, वर्षानुवर्षे धुराने काळवंडलेला बांबू मिळवा. त्याच्या सालीलगतचा घट्ट भाग घ्या, आतला मऊ नको. चाकूने तासत भोकाच्या दोन्ही तोंडांच्या मापाने निमुळता करा. अंगठ्याने दाबून तीन-चतुर्थांश जावा आणि उरलेला हलक्या ठोक्याने बसावा. हाताने पूर्ण आत गेला, तर तो सैल आहे, नवा करा.

दसरा आणि पावसाळा

दसऱ्याला शस्त्रपूजा होणारच आणि व्हावीच. पण हळद-कुंकवाचे पाणी, लिंबू, नारळाचे पाणी आणि ओला झेंडू हे सगळे पोलादाचे शत्रू. पाते म्यानातच ठेवून तलवार पाटावर धुतलेल्या वस्त्रावर मांडा, कुंकू पाटाला लावा, फुले शेजारी ठेवा. पाते उघडे ठेवायचेच असेल, तर पूजेआधी तेलाचा थर द्या आणि त्याच संध्याकाळी अल्कोहोलने पुसून पुन्हा तेल लावा. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

तलवार आडवी ठेवावी, धार वर. भिंतीवर लावलेली तलवार पावसाळ्यात भिंतीची ओल घेते. लाकडी पेटी करायची तर बाभळीची नको, तिच्यातल्या तुरट आम्लाने लोखंड काळे पडते. पेटीत आर्द्रतामापक ठेवा, आकडा ४५ ते ५५ टक्क्यांत असावा. वर गेला की गंज, फार खाली गेला की म्यानाचे लाकूड आणि मुठीचे कातडे तडकते. २०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत पुरते. दाण्यांचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरा. जून ते सप्टेंबर दर महिन्याला पाते पाहा, एरवी तीन महिन्यांनी.

सांगलीत २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले. पुरात बुडालेली तलवार मिळाली, तर ती वाळू देऊ नका. चिखल वाळला की म्यान पाते धरून बसते. लगेच पाते काढा, आरओच्या स्वच्छ पाण्याने चिखल वाहवून टाका, टिपा, अल्कोहोलने दोनदा पुसून पाणी हाकला, मग तेल लावा. मूठही सोडवा. म्यान आणि मूठ सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात, तोंड खाली करून दोन-तीन आठवडे. उन्हात ठेवले तर लाकूड वाकते. या काळात पाते म्यानात परत घालायचे नाही, वर्तमानपत्रात तर गुंडाळूच नका. तेल लावलेल्या सुती कापडात ठेवा.

कायदा आणि खरेदी

शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब पाते येते, मग ते वारशाचे असो की विकतचे. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत फोटो आणि मापांसह लेखी अर्ज करा, पोचपावती घ्या, आणि सांगतील ती कार्यवाही पूर्ण करा. त्याआधी तलवार कोणाला दाखवायला एसटीने किंवा दुचाकीवर नेऊ नका. सणासुदीला आणि निवडणुकीत जिल्ह्यात शस्त्रबंदीचे आदेश असतात. वाढदिवसाला तलवारीने केक कापून फोटो टाकला, तर गुन्हा दाखल होतो, आणि आजोबांची तलवार मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या दमट खोलीत जाते.

विकत घेताना मूठ उघडून दाखवायला नकार दिला, तर व्यवहार तिथेच थांबवा. नकली ९५ बाजारात भरपूर आहेत. क्रमांकाचे आकडे वेडेवाकडे असतात, मुठीवरची नक्षी बोथट असते, पात्यावर आणि म्यानावर जुळणारा आकडा नसतो. नकली नाकागोचा गंज केशरी आणि भुसभुशीत असतो, बोटाला लागतो.

शेवटी एका आम्लमुक्त कागदावर लिहा: कोणी आणली, कोणत्या पलटणीतून, कोणत्या साली, कुठून, आणि घरात हे कोणाला आठवते. सोबत जुना पलटणीतला फोटो किंवा सेवापुस्तिकेची प्रत. तलवारीला कापडाची किंवा लाकडाची मूळ चिठ्ठी बांधलेली असेल, तर ती सोडू नका, तिच्यासकटच फोटो घ्या. हे कागद पेटीत पात्यापासून वेगळ्या पाकिटात ठेवा. म्यानाला चिकटपट्टीने चिकटवू नका, पट्टी निघताना मूळ रंग घेऊन निघते.